पौषातलं खमीर

ते खमीर माझ्या हातून मेलं. पुढं मी ते कबूल केलं, पण ज्या दिवशी घडलं त्या दिवशी केलं नाही. मधले पाच-सहा दिवस कसे गेले ते आजही मला एकेक करून सांगता येईल.

नळदुर्गात हैदराबादच्या रस्त्याला लागून आमची पावाची भट्टी होती. मी मुरुमकडच्या शेतकऱ्याची मुलगी. लग्न होईपर्यंत पाव मी फक्त आजारी माणसाच्या उशाशी पाहिला होता. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणत असे, तरुणपणी सोलापुरात एका उस्तादांच्या हाताखाली पाव शिकले आणि गावी येऊन त्यांनी भट्टी घातली. पाव पायानं तुडवतात असं कुणी तरी कधी तरी सांगितलेलं, त्यामुळं गावातली निम्मी घरं त्याला शिवत नसत. पण रस्त्यावर लॉऱ्या थांबायच्या, चहाच्या हॉटेलांत ड्रायव्हर लोक पाव मागायचे, दवाखान्यात दुधाबरोबर पाव लागायचा. त्यावर घर चालत होतं.

पूर्वी पाव फुगवायला शिंदी वापरत. सकाळी उतरवलेली ताजी शिंदी मैद्यात घातली की दुपारपर्यंत पीठ वर यायचं. मग आमचा मुलूख हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला, काही दिवसांनी दारूबंदी आली आणि शिंदीची दुकानं बंद झाली. पावाचं काय होणार हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मामंजींनी महिनाभर खटपट केली. मनुका भिजवल्या, गूळ घातला, बटाटा उकडून कुस्करला, आणि चार वेळा नासवून पाचव्या वेळी खमीर बसवलं. ते एका चिनी मातीच्या बरणीत राहायचं. रोज त्यातलं निम्मं काढून मैद्यात घालायचं, आणि उरलेल्याला पुन्हा बटाटा आणि गुळाचं पाणी द्यायचं. झाकण उचललं की बारीक सुरसुर ऐकू यायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर मामंजींना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. तोंडात एकच शब्द राहिला, 'थांब'. पाणी पाहिजे असलं तरी थांब, कूस बदलायची असली तरी थांब, माशी हाकलायची असली तरी थांब. बाकी सगळं डोळ्यांनी आणि डाव्या हातानं सांगायचे. सासूबाई आधीच गेल्या होत्या. माझे मालक भट्टीत गुंतलेले. त्यामुळं मामंजी आणि बरणी दोन्ही माझ्याकडं आले. मामंजींची बाज माजघरात होती आणि बरणीही तिथंच, त्यांना दिसेल अशी, कोनाड्यात.

पौषातली ती सकाळ फार गार होती. दवाखान्याचा निरोप आला होता की आज पाव जास्त लागतील. मी घाईत होते. बटाटे चुलीवरून उतरवले, पाण्यासकट कुस्करले, गूळ विरघळवला आणि ते सगळं बरणीत ओतलं. ओतता ओतता वाफ तोंडावर आली. तेव्हा कळलं की मी ते निवू दिलंच नाही. रोज मनगटावर थेंब टाकून बघायची सवय, आणि त्या दिवशी ती राहिली.

"थांब," मामंजी म्हणाले. पण तोवर भांडं रिकामं झालं होतं.

मी बरणी उचलून गार पाण्याच्या घंगाळात ठेवली. झाकण काढून कान लावला. सुरसुर नव्हती. वास शिजलेल्या पिठासारखा येत होता. दुपारी त्यातलंच खमीर घालून मालकांनी पीठ मळलं आणि ते संध्याकाळपर्यंत दगडासारखं बसून राहिलं.

"काय झालं याला?" मालकांनी विचारलं.

"थंडीनं गेलं वाटतं," मी म्हणाले.

मामंजी बाजेवरून माझ्याकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. मालकांनी पीठ उचलून शेजारच्या गोठ्यात गुरांना घातलं आणि मला एक शब्द बोलले नाहीत. ते तेव्हा रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

खंडोबाची जत्रा नऊ-दहा दिवसांवर आली होती. जत्रेत हॉटेलवाले पावासाठी आमच्यावरच अवलंबून असत. मी त्याच संध्याकाळी मनुका भिजवल्या. बरणी उकळत्या पाण्यानं धुतली, फडक्यानं कोरडी केली, मामंजींनी जसं केलं होतं तसंच सगळं केलं. फक्त दोन गोष्टी वेगळ्या केल्या. बटाट्याचं पाणी मी पूर्ण गार होऊ दिलं, इतकं की बोट बुडवलं तर झोंबावं. आणि बरणी चुलीपासून लांब, पाण्याच्या रांजणाजवळ फरशीवर ठेवली. ऊब म्हटली की मला त्या सकाळची वाफ आठवायची.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. मी दर घटकेला झाकण उचलत होते. मनुका तळाशी बसून होत्या. तिसऱ्या दिवशी दोन-तीन मनुका वर आल्या, एक बुडबुडा आला, आणि मी तिथंच फरशीवर बसून राहिले दुसऱ्याची वाट बघत. तो आला नाही. वाटलं, गूळ कमी पडला असेल. वाण्याकडून आणखी गूळ आणला. मग वाटलं मनुका जुन्या असतील, म्हणून त्याही आणल्या. एका बरणीच्या दोन केल्या, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. मालक येऊन वाकून बघायचे, वास घ्यायचे आणि भट्टीच्या ओट्यावर जाऊन बसायचे. थंड भट्टीपुढं बसलेला माणूस बघवत नाही.

त्या दिवसांत मामंजी फार बेचैन होते. मी बरणीपाशी गेले की त्यांचं 'थांब, थांब' सुरू व्हायचं. डाव्या हातानं अंगावरचं घोंगडं ओढायचे, ते माझ्याकडं करायचे, पुन्हा ओढायचे. मला वाटायचं त्यांना थंडी वाजते. मी घोंगडं नीट पांघरायचे, वर चादर घालायचे. ते डोळे मिटून घ्यायचे. एकदा त्यांनी घोंगडं जोर करून बाजेखाली ढकललं. मी उचलून परत घातलं.

खरं सांगायचं तर मी त्यांच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. वैद्यांनी सांगितलं होतं की वाचा हळूहळू परत येईल. मी रोज त्यांना तेल चोळत होते, भरवत होते, वाचा यावी म्हणून देवापुढं दिवा लावत होते. आणि दिवा लावतानाच मनात यायचं, ती आली तर पहिल्यांदा ते काय सांगतील?

चौथ्या दिवशी संध्याकाळी मालक म्हणाले, "म्या उद्या सोलापूरला जातो. बाबांच्या उस्तादाकडं. त्यांच्याकडं खमीर आसलंच. दिवस मावळायच्या आत येतो."

"देतील का ते?"

"बाबाचं नाव सांगतो की."

सकाळी ते एका ओळखीच्या लॉरीतून गेले. दुपारी मी मामंजींना पेज भरवत होते, तेवढ्यात दारात जमादार उभे राहिले. नव्या राज्यात हुद्द्यांची नावं बदलली होती, पण गाव त्यांना जमादारच म्हणायचं. वयस्कर, निजामाच्या पोलिसांतून आलेले, मिशा मेंदीनं रंगवलेल्या. मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"घरधनी कुठं आहेत, बाई?"

"सोलापूरला गेलेत. सांजेला येतील."

त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि आत आले. बरण्या शोधाव्या लागल्याच नाहीत, दोन्ही समोरच होत्या.

"मनुका अन् गूळ," ते म्हणाले. "दारूबंदी आल्यापासून हे दोन जिन्नस कुणी जादा उचलले की आमच्या कानावर येतं. चार दिवसांत तीनदा नेले म्हणे तुम्ही."

"पावाचं खमीर हाय ते, साहेब. मामंजी करायचे. जुनं गेलं, म्हणून नवीन लावलं."

त्यांनी खाली बसून एकीचं झाकण उचललं. वास घेतला, पुन्हा घेतला. "आंबायला लागलंय थोडं."

"आंबलं तरच पाव फुगतो."

"आंबलं की ते कायद्यात येतं, बाई. पाव आहे का घरात?"

पाव नव्हता. भट्टी पाच दिवस विझलेली होती, आणि तेही त्यांना दिसत होतं. पाववाल्याच्या घरात पाव नाही, भट्टीत विस्तव नाही, आणि दोन बरण्या गूळ-मनुका भिजत पडलेल्या. मी काही बोलले तरी ते खोटंच वाटलं असतं.

"थांब," मामंजी बाजेवरून म्हणाले.

जमादार थबकले. मग बाजेजवळ गेले, मामंजींचा निर्जीव हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि जरा वेळ तसेच उभे राहिले. पूर्वी रोज सकाळी ते आमच्या ओट्यावरून पाव घेऊन जात, हे मला नंतर कळलं.

"ऐका बाई," ते वळून म्हणाले. "मला वर कागद पाठवायचा आहे. नमुना न्यावाच लागतो. उद्या दिवे लागायच्या आत याचा पाव करून दाखवा, तर मी तसं लिहीन. न्हाय तर या बरण्या ठाण्यात जातील आणि तुमच्या मालकाला जबाब द्यायला यावं लागेल. यात माझ्या हातात जास्त काही न्हाय."

त्यांनी औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत एका बरणीतलं पाणी भरून घेतलं, घट्ट बूच मारलं, वर लाख लावली आणि गेले.

दिवस मावळला तरी मालक आले नाहीत. शेवटची एसटी येऊन गेली. मी दारात उभी राहून प्रत्येक लॉरी बघत होते. सोलापुरात काही झालं असेल का, का त्यांना वाटेतच ठाण्यावर नेलं असेल, असे सगळे विचार एकामागून एक येत होते. आत येऊन बरणीत बघितलं. तीन मनुका वर, बाकी खाली. सकाळी होत्या तितक्याच.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर जमादार पुन्हा आले. या वेळी कपाळाला आठ्या होत्या.

"तुमची बाटली सांडली," ते म्हणाले.

मला वाटलं कुणाच्या तरी हातून पडली असेल. "कशी काय?"

"आपोआप. बूच उडून छताला लागलं. रात्रपाळीच्या शिपायानं ती शेगडीजवळ ठेवली होती. मुद्देमालाचं रजिस्टर सगळं भिजलं. आता तर सिद्धच झालं की हे आंबतंय. सांजेपर्यंत पाव दिसला न्हाय तर मला दुसरं काही लिहिता येणार न्हाय."

ते बोलत होते आणि माझं लक्ष एकाच शब्दावर अडकलं होतं. शेगडी. इथं माझ्या बरणीत पाच दिवस काही हलत नव्हतं, आणि त्याच बरणीतल्या पाण्यानं तिथं एका रात्रीत बूच उडवलं. म्हणजे ते जिवंत होतं. मीच त्याला गार फरशीवर गारठवून ठेवलं होतं.

जमादार गेल्यावर मी मामंजींकडं बघितलं. त्या दिवसांत पहिल्यांदाच नीट बघितलं. त्यांनी डाव्या हातानं घोंगडं ओढलं आणि माझ्याकडं केलं.

"बरणीला?" मी विचारलं.

त्यांनी मान डोलावली. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. पाच दिवस ते तेच सांगत होते.

मी दोन्हीतलं एकाच बरणीत केलं, ती घोंगड्यात गुंडाळली आणि त्यांच्या बाजेवर, त्यांच्या डाव्या कुशीला ठेवली. अंगाची ऊब, तेवढीच. चुलीची ऊब द्यायचा धीर मला तेव्हाही झाला नाही. ते हात बरणीवर ठेवून पडून राहिले. मी झाकण उचलायला गेले की 'थांब' म्हणायचे, आणि या वेळी त्यांना खरोखर थांबच म्हणायचं होतं. मी भट्टी झाडली, बाभळीची लाकडं रचली, मैदा चाळला, पुन्हा चाळला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्यांनी हातानं बोलावलं. मी कान लावला. आत सुरसुर चालली होती. सगळ्या मनुका वर आल्या होत्या आणि कडेनं पांढरा फेस धरला होता.

पीठ मी मळलं. याआधी कधी एवढं मळलं नव्हतं, मालकांचं बघितलं होतं तेवढंच. खमीर कोवळं होतं, मामंजींच्या खमिराची ताकद त्यात नव्हती. परात पांघरूण घालून उन्हात ठेवली, ऊन सरकलं तशी सरकवत राहिले. दोन तासांनी पीठ जेमतेम बोटभर वर आलं होतं. भट्टी पेटवावी की नको हे ठरेना. लवकर पेटवली तर पीठ तयार व्हायच्या आत ती उतरणार, उशीर केला तर दिवे लागणार. शेवटी पेटवली. तासानं परत बघितलं, आणखी दोन बोटं. अजून तासभर तरी पाहिजे होता, आणि समोर किल्ल्याच्या तटावरून ऊन निघून चाललं होतं.

जमादार बोलल्या वेळेला आले. मी परातीवरचं फडकं काढून दाखवलं.

"पाव कुठाय?"

"हेच ते. अजून यायचंय. आत्ता भट्टीत घातलं तर बसून जाईल. थोडं थांबावं लागतं, साहेब."

त्यांनी परातीकडं बघितलं, धुरकट भट्टीकडं बघितलं, आणि ओट्यावर बसले. मी चहा केला. त्यांनी तो बशीत ओतून संथपणे प्यायला. पीठ फुगताना दिसत नाही, आणि आम्ही दोघं त्याच्याकडंच बघत होतो.

तेवढ्यात मालक आले. खांद्यावर पिशवी, तोंड धुळीनं माखलेलं. दारात पोलीस बघून ते जागच्या जागी उभे राहिले.

"काय झालं? बाबा?"

"मामंजी बरे हायती," मी म्हणाले. "तुमी हात धुवा. गोळे करायचेत."

त्यांनी पिशवी उतरवली. हात धुतले, पीठ दाबून बघितलं आणि म्हणाले, "अजून थोडा वेळ." मग आम्ही दोघांनी गोळे वळले, पत्र्यांवर मांडले, पुन्हा थोडं थांबलो, आणि ते पत्रे मालकांनी लांब दांड्यानं भट्टीत सरकवले. घरोघर कंदील लागले होते. जमादार उठले नाहीत.

पाव निघाले ते काही चांगले नव्हते. एका अंगाला कललेले, खालून दाट, चवीला आंबूस. पण वरून फुगले होते, आणि मोडला तेव्हा आत जाळी होती. जमादारांनी अर्धा पाव उभ्यानं खाल्ला, अर्धा मामंजींच्या हातात दिला. मग कंदिलापुढं बसून कागदावर बराच वेळ लिहिलं. वाचून दाखवलं नाही. उठताना मालकांना एवढंच म्हणाले, "वाण्याकडून गूळ नेताना कशाला नेता ते सांगत जा."

ते गेल्यावर मालकांनी पिशवीतून ओल्या फडक्यात बांधलेला पिठाचा गोळा काढला. उस्तादांनी दिलेला. "काल त्यांनी देईनाच म्हटलं," ते म्हणाले. "म्हणाले, थंडीनं खमीर झोपतंय, मरत न्हाय. खरं सांग काय केलंस. म्या सांगितलं, घरात लई जपून करत्यात, थंडीनंच गेलं. लई बोलले मला. त्यांच्या दारात रात काढली, तवा आज दुपारी दिलं."

मी भट्टीचं तोंड लावत होते. पाठमोरी होते म्हणून बोलू शकले.

"कढत पाणी घातलं म्या. घाईत. थंडीनं न्हाय गेलं."

त्यांनी तो गोळा पुन्हा फडक्यात बांधला. मग म्हणाले, "मला जायच्या आधी सांगायचं व्हतंस." आणि आत गेले.

चार दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला वाटत होतं त्यांना खमीर गेल्याचा राग असेल, पण तो नव्हताच. माझ्या शब्दावर विसंबून ते बापाच्या गुरूपुढं खोटे ठरले होते. पाचव्या दिवशी जत्रा होती. पहाटेपासून दोघंही पीठ मळत होतो आणि हात इतके भरलेले होते की अबोला धरायला सवड राहिली नाही. नेहमीच्या निम्मेच पाव आम्ही देऊ शकलो. दोन हॉटेलवाल्यांनी ते आंबट आहेत म्हणून तोंड वाकडं केलं, पण घेतले. उस्तादांचा गोळा आणि माझं नवं खमीर मालकांनी एकत्र केलं, आणि होळीपर्यंत पाव पहिल्यासारखा झाला.

उन्हाळ्यात मामंजींना थोडं बोलता यायला लागलं. पहिले शब्द आले ते त्यांच्या लहानपणीच्या एका बैलाबद्दल. मग नातेवाइकांची नावं, मग शिव्या, मग देवाची नावं. मी रोज वाट बघत होते. आता मालकांना सगळं माहीत होतं, भ्यायचं कारण नव्हतं, तरी मामंजींनी तोंड उघडलं की मी हातातलं काम थांबवायचे. त्या सकाळबद्दल ते कधीच बोलले नाहीत. त्यांना आठवत नव्हतं की आठवून ते गप्प राहिले, हे मला कळलं नाही. एकदा विचारीन म्हणत होते. पुढच्या पावसाळ्यात ते गेले, आणि विचारायचं राहिलं.